कंदिलातलं तेल

नोव्हेंबर सरत आला की मला आमच्या शेजारची मांय आठवते.

बार्देशातल्या आमच्या वाड्यावर तिच्या आणि आमच्या घरामध्ये फक्त एक गडगा होता. सगळा वाडा तिला मांय म्हणायचा, म्हणून आम्हीही म्हणायचो. नवरा लवकर गेलेला. एकुलता एक मुलगा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. सत्तरच्या दशकात गोव्यातल्या कितीतरी घरांतली चूल अशा बोटीवरच्या पगारावर पेटायची. मुलाची पत्रं कुठल्या कुठल्या बंदरांतून यायची. पत्रात 'येतो' असायचं, 'कधी' ते नसायचं. बोट कुठे अडकेल, कंपनी कधी सोडेल, मुंबईहून गोव्याला यायची सोय कधी होईल, कशाचाच भरवसा नसे.

सांजेची आमोरी झाली, इगर्जीची घंटा थांबली, की मांय बल्कांवात टांगलेला कंदील खाली काढायची. काच पुसायची, वात कापायची, तेल बघायची, कमी असेल तर भरायची. वाड्यावर वीज आली होती, पण ती असण्यापेक्षा नसायचीच जास्त. मग तेर्स म्हणून, जेवून, कंदील बारीक करून ती झोपून जायची. मी एकदा तिला विचारलं, "मांय, तू झोपलीस आणि तो रात्रीच आला तर?" ती हसली. म्हणाली, "जागें रावूंक म्हाका जमना रे पुता, न्हीद येता. पूण तेल आसूंक जाय."

तेव्हा त्या बोलण्यात मला काहीच विशेष वाटलं नव्हतं. पुष्कळ वर्षांनी बायबल वाचायला घेतलं आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायाशी आलो, तेव्हा मांयचा कंदील डोळ्यांसमोर उभा राहिला.

त्या अध्यायात दहा कुमारींचा दाखला आहे. लग्नघर, रात्रीची वेळ, नवरदेवाला सामोऱ्या जायला दिवे घेऊन निघालेल्या दहा मुली. पाच शहाण्या, पाच मूर्ख. नवरदेवाला उशीर होतो. मध्यरात्री हाक येते, 'आला, आला!' मूर्ख मुलींचे दिवे विझत आलेले असतात. त्या तेल आणायला दुकानाकडे धावतात आणि परत येईपर्यंत दार बंद झालेलं असतं. 'म्हणून जागे राहा, तो दिवस आणि ती घटका तुम्हांला माहीत नाही' असं सांगून येशू दाखला संपवतो.

हा दाखला ऐकताना आपलं एका गोष्टीकडे लक्षच जात नाही. झोप दहाही मुलींना लागते! शहाण्यासुद्धा झोपतात. मग शहाण्या आणि मूर्ख यांत फरक काय? फरक फक्त जादा तेलाचा. मूर्ख मुलींनी दिवे आणले होते, वाटही पाहत होत्या. त्यांची चूक एवढीच, की नवरदेव लगेच येणार असं त्यांनी धरलं होतं. शहाण्या मुलींनी उशिराची तयारी केली होती.

ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्यासाठी तयार राहा, ही शिकवण ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी आहे. तयार राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, यावर मात्र दोन हजार वर्षं गोंधळ चालू आहे. तो गोंधळ फार माणसांच्या संसाराला भोवला आहे.

सुरुवात अगदी पहिल्या पिढीपासून. येशूला प्रत्यक्ष पाहिलेली माणसं जिवंत होती आणि तो आपल्या हयातीतच परत येईल अशी पुष्कळांची समजूत होती. 'मारानाथा', म्हणजे 'प्रभू, ये', ही अरामी भाषेतली हाक त्यांच्या प्रार्थनेत होती. पौलाने इ.स. ५०च्या सुमारास ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पत्र नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी एक आहे. त्या पत्रात एक व्याकूळ प्रश्न डोकावतो : तो येण्याआधीच आमची जी माणसं मेली, त्यांचं काय? पौल त्यांना धीर देतो, त्यांना कोणी मागे ठेवणार नाही म्हणून सांगतो, आणि तो दिवस रात्रीच्या चोरासारखा अवचित येईल असंही बजावतो.

त्याच गावाला लिहिलेल्या, पौलाच्या नावावरच्या दुसऱ्या पत्रात वेगळीच तक्रार आहे. प्रभूचा दिवस आलाच आहे अशी अफवा तिथे पसरली होती. काही जण कामधंदा सोडून लोकांच्या उठाठेवी करत होते आणि दुसऱ्यांच्या ताटात जेवत होते. त्यावर पत्राचं उत्तर रोखठोक आहे : ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. पौल स्वतः तंबू करणारा कारागीर होता, दुसऱ्याच्या भाकरीवर न जगल्याचा त्याला अभिमान होता. आळशी माणसाला सुनवायला हे वाक्य आपण सगळीकडे ऐकतो. ते मुळात लिहिलं गेलं जगाच्या अंताची वाट पाहण्याच्या संदर्भात, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.

शहाणपण सांगून येतं तर काय हवं होतं! तिसऱ्या शतकाच्या आरंभी रोमच्या हिप्पोलितसने दानीएलाच्या पुस्तकावर भाष्य लिहिलं. त्यात त्याने पोंतसमधल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राकाठच्या, एका बिशपची हकिकत दिली आहे. माणूस भला आणि नम्र, पण स्वप्नांवर विश्वास ठेवणारा. एक स्वप्न पडलं, दुसरं पडलं, तिसरं पडलं, आणि त्याने लोकांना सांगून टाकलं की वर्षभरात न्यायाचा दिवस येणार. हे खरं झालं नाही तर शास्त्रावरही विश्वास ठेवू नका, इथपर्यंत त्याने मजल मारली. लोक रात्रंदिवस रडत प्रार्थना करू लागले. शेतं ओसाड पडली. पुष्कळांनी होतं नव्हतं ते विकून टाकलं. वर्ष सरलं, काही झालं नाही. ज्यांनी मालमत्ता विकली होती ते भाकरीला महाग झाले. सीरियातला दुसरा एक पुढारी तर बायकामुलांसकट लोकांना ख्रिस्ताच्या भेटीला म्हणून रानात घेऊन गेला. ते डोंगरांत भटकत राहिले आणि दरोडेखोर समजून मारले जाता जाता वाचले.

हिप्पोलितस हे सगळं चेष्टेने सांगत नाही, काळजीने सांगतो. भोळ्या माणसांचं वाटोळं झालं याचं त्याला दुःख आहे.

पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने या हिशेबांना आळा घातला. रोम शहर ४१० साली लुटलं गेलं तेव्हा जग बुडालंच असं पुष्कळांना वाटलं होतं. त्या धक्क्यानंतर लिहायला घेतलेल्या 'देवाचं नगर' या प्रचंड ग्रंथात तो प्रेषितांच्या कृत्यांतल्या एका प्रसंगाची आठवण देतो. शिष्य येशूला 'कधी?' म्हणून विचारतात आणि येशू म्हणतो, काळवेळ जाणणं तुमचं काम नाही. या एका उत्तराने, ऑगस्टीन म्हणतो, हिशेब करणाऱ्या सगळ्यांची बोटं थांबवली आहेत. बोटं मोडून साल काढणारे त्या काळीही भरपूर होते, हे यावरून कळतं.

चर्चने मग एक सुंदर गोष्ट केली. वाट पाहण्याला तिने कॅलेंडरात जागा दिली. पाचव्या-सहाव्या शतकात गॉल प्रांतात नाताळाआधी उपवास पाळायची पद्धत पडली, पुढे तिचे चार रविवार ठरले. हाच आगमनकाळ. लॅटिनमध्ये 'आडव्हेंतुस', म्हणजे येणं. लहानपणी मला याचं कोडं वाटायचं. नाताळ म्हणजे बाळाचा जन्म. मग त्याआधी पाद्रीबाब शेर्मांवात सूर्य-चंद्र काळवंडण्याच्या आणि दारावरच्या राखणदाराने जागं राहण्याच्या गोष्टी का सांगतो? मांय इगर्जीतून आली की हे आम्हांला सांगायची. आता कळतं, की आगमनकाळाच्या पहिल्या रविवारची वाचनं दर वर्षी शेवटाबद्दलच असतात. एके वर्षी नोहाच्या पुराची, दुसऱ्या वर्षी राखणदाराची, तिसऱ्या वर्षी आकाशातल्या चिन्हांची, आणि मग चक्र पुन्हा पहिल्यापासून. ख्रिस्ती उपासनेचं नवं वर्ष शेवटाच्या गोष्टीने सुरू होतं. बाराव्या शतकातल्या संत बर्नार्डने तर तीन आगमनं सांगितली. पहिलं गोठ्यात झालं, शेवटचं वैभवात होईल, आणि मधलं, कुणाला न दिसणारं, रोज माणसाच्या अंतःकरणात होत असतं. आपल्याकडच्या भक्तीच्या भाषेत वाढलेल्या माणसाला हे तिसरं आगमन समजायला अवघड नाही.

तरी तारखेचा मोह सुटला नाही. त्याची सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत करुण गोष्ट अमेरिकेत घडली.

विल्यम मिलर (१७८२-१८४९) हा न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्पटन गावचा शेतकरी. १८१२च्या युद्धात कॅप्टन होता, मरण जवळून पाहिलेलं. तरुणपणी त्याचा बायबलवर विश्वास नव्हता. युद्धावरून आल्यावर तो पालटला आणि एक बायबल व एक शब्दसूची घेऊन ओळ न् ओळ वाचत बसला. दानीएलाच्या आठव्या अध्यायात २३०० दिवसांनी पवित्रस्थान शुद्ध होईल असं वचन आहे. मिलरने एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं, इ.स.पूर्व ४५७ पासून मोजायला सुरुवात केली आणि उत्तर काढलं : १८४३च्या सुमारास ख्रिस्त परत येणार. हा हिशेब १८१८ साली झाला. पुढची तेरा वर्षं हा भिडस्त माणूस गप्प राहिला. १८३१ पासून तो बोलू लागला. १८४०च्या सुमारास बॉस्टनचा धर्मोपदेशक जोशुआ हाइम्स त्याला मिळाला, वर्तमानपत्रं निघाली, मोठमोठ्या तंबूंत सभा भरू लागल्या. त्यांच्या एका पत्राचं नाव होतं 'मिडनाइट क्राय', मध्यरात्रीची हाक. तोच दहा कुमारींचा दाखला! अनुयायांचा अंदाज पन्नास हजारांपासून एक लाखापर्यंत करतात.

मिलरने दिलेली मुदत २१ मार्च १८४४ला संपली. काही झालं नाही. दरम्यान एक चूकही लक्षात आली होती, की इ.स.पूर्व १ नंतर एकदम इ.स. १ येतं, मध्ये शून्य साल नाही. म्हणजे उत्तर १८४४ हवं. हा तर दाखल्यातल्या नवरदेवाचा उशीर, असं मंडळींनी मनाचं समाधान केलं. त्याच ऑगस्टमध्ये सॅम्युएल स्नो याने कराइट ज्यूंच्या कालगणनेवरून प्रायश्चित्ताचा दिवस काढून पक्की तारीख सांगितली, २२ ऑक्टोबर १८४४. मिलर स्वतः कचरत होता. ऑक्टोबर उजाडल्यावरच त्याने ही तारीख मानली.

त्या शरद ऋतूत लोक कसे वागले हे वाचण्यासारखं आहे. पांढरे झगे घालून टेकड्यांवर जाऊन बसल्याच्या गोष्टी पुढे लोकांनी रंगवल्या, त्यांना आधार नाही. खरं जे घडलं ते साधं होतं. कुणी दुकानं बंद केली, कुणी उभं पीक शेतात सोडलं. कुणी जुनी कर्जं फेडली, ज्यांच्याशी भांडण होतं त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागितली. न्यू हॅम्पशरमधल्या लेनर्ड हेस्टिंग्ज या शेतकऱ्याने बटाटे जमिनीतून काढलेच नाहीत. शेजाऱ्यांनी विनवलं, तो म्हणाला, माझी श्रद्धा हे शेतच बोलून दाखवेल.

२२ ऑक्टोबर आला आणि गेला. मध्यरात्र उलटली. हायरम एडसन या अनुयायाने लिहून ठेवलं आहे, की आम्ही पहाट होईपर्यंत रडत होतो. दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी विचारू लागले, 'अजून वर गेला नाहीत?' काही ठिकाणी जमावाने त्यांच्या सभागृहांची मोडतोड केली. हिवाळा तोंडावर आलेला आणि पुष्कळ घरांत धान्य नाही. ज्यांच्यावर अशी पाळी आली त्यांना मदत करा, असं हाइम्सलाच आवाहन करावं लागलं. पोंतसच्या त्या बिशपची हकिकत सोळाशे वर्षांनी जशीच्या तशी पुन्हा घडली होती. इतिहासात या घटनेला 'महानिराशा' म्हणतात. मिलरने आपली चूक मोकळेपणाने कबूल केली. वाट पाहणं मात्र सोडलं नाही.

हेस्टिंग्जच्या बटाट्यांचं काय झालं? त्या साली बटाट्यावर रोग पडला होता. ज्यांनी लवकर काढले त्यांचे कुजले, याचे उशिरा काढल्यामुळे टिकले आणि चांगल्या भावाने गेले, असं ॲडव्हेंटिस्ट मंडळी आजही सांगतात. गोष्ट गोड आहे, पण प्रत्येकाच्या शेतात बटाटे नव्हते.

त्या पहाटे रडणाऱ्या माणसांतून पुढे काय उभं राहिलं, ते मला जास्त नवलाचं वाटतं. एडसन आणि त्याच्या सोबत्यांनी, आणि महानिराशेच्या वेळी सतराव्या वर्षात असलेल्या एलन हार्मन या मुलीने (पुढच्या एलन व्हाइट), धीर सोडला नाही. १८६३ साली सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची रीतसर स्थापना झाली. येणं जवळ आहे ही श्रद्धा त्यांनी ठेवली, तारखा मात्र सोडल्या. मग त्यांनी शाळा काढल्या, इस्पितळं काढली. बॅटल क्रीकच्या त्यांच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वी केलॉग होते. आज आपल्याकडे सकाळी मुलं जे कॉर्नफ्लेक्स खातात त्यांचा जन्म तिथल्या पथ्याच्या स्वयंपाकघरातला. पुण्यातलं स्पायसर कॉलेज, आताचं स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ, याच पंथाचं. उद्या जग संपणार म्हणून ज्यांनी पीक काढलं नाही, त्यांच्या वारसांनी पन्नास-शंभर वर्षं टिकतील अशा इमारती बांधल्या. याला मी तेल भरणं म्हणतो.

सगळेच शिकले असं नाही. हॅरल्ड कॅम्पिंग या अमेरिकन रेडिओवक्त्याने २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली, तेव्हा कुणी नोकऱ्या सोडल्या, कुणी आयुष्यभराची पुंजी त्या प्रचारात घातली. तारीख चुकल्यावर त्याने ऑक्टोबरची दिली, तीही चुकली. पुढच्या वर्षी, २०१२ साली, त्याने तारीख सांगणं हेच पाप होतं असं कबूल केलं. कबुलीने पुंजी थोडीच परत येते?

आता मिलरच्याच मुलखातली, पण त्याच्या जन्माच्याही दोन वर्षं आधीची एक गोष्ट. १९ मे १७८०. न्यू इंग्लंडमध्ये भर दुपारी अंधार झाला. कोंबड्या खुराड्यात गेल्या, लोकांनी मेणबत्त्या लावून जेवणं केली. कॅनडाकडच्या जंगलांतल्या वणव्यांचा तो धूर होता असं आज मानलं जातं. तेव्हा हे कुणाला ठाऊक? न्यायाचा दिवस आला असंच सर्वांना वाटलं. हार्टफर्डमध्ये कनेक्टिकटच्या विधिमंडळाचं काम चालू होतं. एक सभागृह तहकूब झालं. दुसऱ्यातही तहकुबीची सूचना आली. तेव्हा अब्राहम डेव्हनपोर्ट हे सभासद उठले आणि त्यांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : न्यायाचा दिवस एकतर आला आहे किंवा आलेला नाही. आला नसेल तर तहकुबीचं कारण नाही. आला असेल तर मी माझं काम करताना सापडावं अशी माझी इच्छा आहे. तेव्हा मेणबत्त्या मागवा.

दोन हजार वर्षांच्या त्या गोंधळाला याहून नेटकं उत्तर मला सापडलेलं नाही. डेव्हनपोर्टांनी तो दिवस नाकारला नाही, त्याची टिंगल केली नाही, तारीखही काढली नाही. उजेड मागितला आणि कामाला लागले.

वाचकहो, हे लिहिताना मी मिलरकडे वरून पाहतो आहे असं समजू नका. दुसऱ्या बाजूची चूकही मोठी आहे आणि ती मी केलेली आहे. दहा कुमारींच्या दाखल्याच्या जरा आधी मत्तयात एका दासाची गोष्ट आहे. मालकाला यायला अजून वेळ आहे असं मनाशी म्हणून तो हवं तसं वागू लागतो, आणि मालक नेमका नको त्या वेळी येऊन उभा राहतो. मिलरला वाटलं, दिवस उद्याच आहे. मला वाटत आलं, दिवस अजून लांब आहे. नोकरीसाठी मुंबईला गेलो तेव्हा मांयला सांगून गेलो होतो, पुढच्या नाताळाला तुझ्या हातचं बेबिंक खायला येतो. त्या वर्षी रजा मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी मिळाली, पण दुसरीकडे घालवली. तिसऱ्या वर्षी गेलो तर बल्कांव बंद होता. पावसाळ्यातच ती गेली होती.

मुलगा त्या वेळी घरी होता, एवढं बरं झालं. आई सांगत होती, की तो आला तो आदल्या महिन्यात, रात्री दीडच्या सुमाराला, कळवल्याशिवाय, नेहमीसारखाच. वाड्यावर वीज नव्हती. कुत्री भुंकली म्हणून आईने खिडकी उघडली, तर मांयचा कंदील मोठा झालेला दिसला.

मी आलो त्या दिवशी कंदील बल्कांवात तसाच टांगलेला होता. मी तो हलवून पाहिला. आत तेल होतं.